गोदीच्या गोष्टीत जोडाक्षर नव्हतं

माझ्या नावावर मुलांच्या गोष्टींचं एकच पुस्तक आहे आणि ते ज्या मुलांसाठी लिहिलं त्यांच्यापैकी फार थोड्यांच्या हाती पडलं. ज्यांच्या हाती पडलं त्यांच्या घरी पुस्तकांची कपाटं होती. एका वकीलसाहेबांच्या पत्नीनं मला हळदीकुंकवात बाजूला घेऊन विचारलं होतं, की तुमच्या त्या गोदीला शेवटी कोणी श्रीमंत काका का भेटत नाही? आमची बेबी रडते. मी म्हटलं, गिरणीच्या चाळीत असे काका राहत नाहीत. त्यांना ते आवडलं नसावं. पुढच्या वर्षी हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही.

मी लेखिका नव्हे. सोलापुरात एका कापडगिरणीच्या शाळेत मी मास्तरीण होते. एकोणीसशे तिसाच्या थोडं आधी लागले आणि ती शाळा बंद पडेपर्यंत तिथंच राहिले. आजच्या वाचकांना गिरणीची शाळा म्हणजे काय हे सांगावं लागेल. त्या काळी गिरणीत लहान मुलंही कामाला असत. कायद्यानं त्यांना अर्धीच पाळी देता येई, म्हणून त्यांना सगळे ‘हापटायमी’ म्हणत. सूतकताईच्या खात्यात सुतानं भरलेल्या बाबिनी, म्हणजे रिळं, काढायच्या आणि रिकाम्या चढवायच्या, हे त्यांचं काम. सकाळी काम केलं की दुपारी शाळा, दुपारी काम असलं की सकाळी शाळा. शाळा गिरणीच्या आवारातच होती, पत्र्याची, आणि भिंतीपलीकडं साचे, म्हणजे गिरणीची यंत्रं, चालू असत. आम्ही सगळ्या मास्तरणी आयुष्यभर मोठ्यानं बोललो त्याचं कारण ते.

पोरं कामावरून यायची ती भुवयांवर कापूस घेऊन. पाटी मांडीवर घेतली की डोळे मिटायचे. मी नवी असताना हाका मारून उठवत असे. नंतर शहाणपण आलं. आल्या आल्या थोडा वेळ डोकी टेकू द्यायची, मग शिकवायचं. हेडमास्तर खिडकीतून बघून जायचे आणि काही बोलायचे नाहीत, हे त्यांचं मोठेपण.

वाचायला शिकवणं हे बाहेरून सोपं दिसतं. अक्षर ओळखलं, काना-मात्रा कळली, शब्द आला. पण पोर प्रत्यक्षात काय करतं? आधी कान वापरतं. शेजारचा म्हणतो ते म्हणतं. सगळा वर्ग एका सुरात धडा म्हणत असला की कोण वाचतोय आणि कोण गातोय हे देवालाही कळणार नाही. हे मला म्हाळूनं शिकवलं.

म्हाळू म्हणजे म्हाळसा. सांगोल्याच्या पलीकडच्या कोरड्या मुलखातलं हे मेंढपाळ कुटुंब. लागोपाठच्या दुष्काळात कळप गेला आणि बाप बिराप्पा हा बायको लक्षुमीला आणि या लेकीला घेऊन शहरात आला. तो कापूस पिंजायच्या खात्यात होता, लक्षुमी सुताच्या लडी करी आणि पोरगी बाबिनी काढी. कागदावर म्हाळू बारा वर्षांची होती. अंगानं दहाची वाटे. नजर मात्र मोठ्या बाईची.

ती वर्गात सगळ्यांत छान वाचायची. बोट ओळीवरून सरकवत, खणखणीत, न अडखळता. एकदा शाळा तपासायला दिपोटीसाहेब आले, तेव्हा मी मोठ्या विश्वासानं तिलाच उभं केलं. तिनं धडा वाचला. साहेब खूश झाले, ‘शाबास’ म्हणाले, पुढच्या वर्गाकडं निघाले. मी तिच्या मागंच उभी होते. तिच्या पुस्तकात त्या धड्याचं दुसरं पान नव्हतंच. कधीतरी फाटून गेलं होतं. आणि म्हाळूनं ते नसलेलं पानही वाचून दाखवलं होतं, बोटासकट. बोट शेजारच्या भलत्याच चित्राखालून फिरत होतं.

साहेब गेल्यावर मी तिला जवळ घेतलं आणि फळ्यावर ‘घर’ लिहिलं. ती बघत राहिली. ‘मका’ लिहिलं. तेही नाही. रागावले असते तर ती उद्यापासून आली नसती, एवढं मला कळत होतं. म्हणून विचारलं, हे असं कधीपासून?

म्हणाली, “पयल्यापासनंच, बाई. अक्षरं हलत्यात. गानं हलत न्हाय.”

आज अशा मुलांसाठी डॉक्टरी नावं आहेत असं ऐकते. तेव्हा आमच्याकडं एकच नाव होतं, मठ्ठ. आणि ही पोर मठ्ठ नव्हती. एकदा ऐकलेलं तिच्या डोक्यातून जात नसे. दळताना आई म्हणे त्या सगळ्या ओव्या तिला येत. पण भ आणि म, घ आणि ध, ब आणि व हे तिच्या डोळ्यांपुढं एकमेकांच्या जागी जाऊन बसत. त्यात सकाळची पाळी, पोटात कोरडी भाकर, कानांत साच्यांची घरघर.

तिच्या शेजारी मी नरसय्याला बसवलं. तो घरी तेलुगू बोलणाऱ्या विणकराचा मुलगा. त्याची तऱ्हा उलटी. मराठी कुठलंही पान पुढं टाका, धडाधड वाचायचा आणि एका शब्दाचा अर्थ त्याला कळायचा नाही. मला वाटलं, दोघं मिळून एक वाचक होईल. झालाही. तो वाचायचा, ती त्याला अर्थ सांगायची. मेंढरू म्हणजे काय, मेंढरं कोंडायची जाळीची वाघर म्हणजे काय, हे ती हातवारे करून समजवायची. नरसय्याचं मराठी सुधारलं. म्हाळूचं वाचन होतं तिथंच राहिलं, कारण त्यानं एकदा वाचलं की तिचं पाठ व्हायचं. शेवटी मला त्यांना वेगळं बसवावं लागलं. दोघंही आठवडाभर माझ्याशी नीट बोलली नाहीत.

मग एकच उपाय उरला. तिला असं काही वाचायला द्यायचं, जे जगात कोणी आजवर म्हटलेलं नाही. म्हणजे ते मीच लिहायला हवं होतं.

अशी गोदी जन्माला आली. आठवड्यातून एकदा मी फळ्यावर गोष्टीचा एक तुकडा लिहायची. वाचून झाला की पुसून टाकायची. गोदी गिरणीच्या चाळीत राहणारी, बाबिनी काढणारी, वाचायला अडणारी. मुद्दाम तशी केली, कारण क्रमिक पुस्तकातली मुलं बागेत जात, चेंडू खेळत, आजोळी आंबे खात आणि माझ्या वर्गातल्या पोरांना ती दुसऱ्या देशातली वाटत.

आता यातली आमच्या धंद्यातली अडचण सांगते. अडणाऱ्या मुलाला जोडाक्षर देता येत नाही. त्यामुळं गोदीच्या गोष्टीत जोडाक्षर नव्हतं. हे म्हणायला सोपं. गोदीला प्रश्न विचारता येईना, ती नुसतं ‘का’ म्हणे. तिला स्वप्न पडेना, नुसता डोळा लागे. तिच्या गोष्टीत राजा येऊ शकत होता, पण राज्य नाही. देव होता, स्वर्ग नव्हता. हट्टानं लिहीत गेले तेव्हा कळलं, की गरिबाच्या घरातलं बहुतेक सगळं जोडाक्षराशिवाय सांगता येतं. आई, चूल, धूर, भाकर, ताप, भोंगा. खुद्द म्हाळूच्या नावात मात्र पहिलंच अक्षर जोडाक्षर. ते तिला लिहिता येत नसे, म्हणून ती पाटीवर नावाच्या जागी एक मेंढी काढायची.

मी जाड पुठ्ठ्याला एक लहान खिडकी कापून दिली. फळ्यावरचं तिच्या पाटीवर उतरवून द्यायचं आणि खिडकीतून एका वेळी एकच अक्षर बघायचं. शेजारची अक्षरं झाकलेली, म्हणजे हलायला जागाच नाही. एक ओळ वाचायला तिला अर्धा तास लागायचा. कपाळावर घाम यायचा. पण ती ओळ तिची असायची. पहिलं वाक्य वाचलं ते ‘गोदीला भूक लागली.’ वाचून झाल्यावर ती हसली नाही. म्हणाली, “मग तिनं काय खाल्लं?” ते मी अजून लिहिलं नव्हतं.

त्याच सुमारास बिराप्पा शाळेत आला. उंच, वाकलेला, खोकणारा माणूस. दारात पायताण काढून उभा राहिला. मी बसायला सांगितलं तर बसला नाही. कुणीतरी त्याला सांगितलं होतं, की बाईंनी तुझ्या घरचं फळ्यावर लिहिलंय.

“आमच्या घरचं असं चार पोरांत कशाला लिवता, बाई?” तो हळू बोलत होता, त्यामुळं मला जास्त लागलं. “गरिबी सांगायची नस्ती. झाकायची अस्ती.”

मी सांगायचा प्रयत्न केला, की ही गोदी खोटी आहे, मी बनवलेली आहे. त्यानं फळ्याकडं पाहिलं. त्याला वाचता येत नव्हतं, तरी पाहिलं. म्हाळू खाली मान घालून बसली होती. ती म्हणाली, की गोदीच्या घरी शेळी हाय, आपल्याकडं कुटं हाय. म्हणजे ती येगळी. बापानं पायताण पायांत घातलं. जाताना वळून मला म्हणाला, “घरात दाणा नसला तरी आमची चूल पेटती. शेजाऱ्याला धूर दिसाय पायजे. तुमी लिवलं ती चूल थंड हुती म्हनून.”

तो गेल्यावर मी फळा पुसला आणि तो तुकडा पुन्हा लिहिला. ‘घरात दाणा नाही. आईनं चूल पेटवली. वर पाणी ठेवलं.’ पुस्तकातही तसंच आहे. पुस्तक तपासणाऱ्या एका विद्वानांनी शेरा मारला होता, की रिकाम्या चुलीवर पाणी ठेवण्याचं प्रयोजन मुलांना कळणार नाही. माझ्या वर्गात ते कुणालाही समजावून सांगावं लागलं नव्हतं.

बिराप्पानं पोरीला शाळेतून काढलं नाही, पण मुदत ठरलेलीच होती. डॉक्टर दात बघून वय ठरवीत आणि वय भरलं की पूर्ण पाळी मिळे. पूर्ण पाळी म्हणजे शाळा संपली. घरात तिसरा पूर्ण पगार आला तर बिराप्पाला खोकल्याचं औषध घेता आलं असतं. मी कोणत्या तोंडानं नको म्हणणार होते? मी एवढंच म्हटलं, गोष्ट संपेपर्यंत राहू द्या. तो म्हणाला, बघू.

ती मुदत भरायच्या आतच संप झाला. गिरणीचं फाटक बंद झालं आणि शाळा आवारात असल्यानं तीही. संपाबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत, मी त्यात शिरत नाही. मला दिसलं ते एवढंच, की पहिले काही दिवस चाळीत सगळीकडं धूर निघत होता, मग तो कमी कमी होत गेला. लोक गावाकडं जायला लागले. ज्यांना गाव नव्हतं ते राहिले.

मी बाळीवेशीजवळ दोन खोल्यांत राहत होते. एका दुपारी पडवीत म्हाळू येऊन उभी राहिली. मागं बिराप्पा आणि लक्षुमी. रस्त्यावर एक बैलगाडी थांबलेली. शेंगा विकायला आलेला त्यांच्याच भागातला गाडीवान रिकामा परत चालला होता आणि त्यांना मंगळवेढ्यापर्यंत सोडणार होता. त्यांचं गाठोडं आणि जातं गाडीत चढलं होतं. पोरगी वाटेत हटून बसली होती म्हणून वाकडी वाट करून आले होते.

बिराप्पा म्हणाला, की हिला तुमच्या गोष्टीचा शेवट पायजे. दोन शब्दांत सांगून टाका, आमाला अंधाराच्या आत तिऱ्हं गाव गाठायचं हाय.

गोष्ट त्या वेळी अशा ठिकाणी होती: गिरणीच्या फाटकावर एक कागद लागलाय आणि तो वाचायला कुणालाच येत नाही. पुढं काय होणार ते माझं ठरलेलं नव्हतं. खरं तर मला ते सुचतच नव्हतं. मी सांगायला तोंड उघडलं तर म्हाळूनं मान हलवली.

“सांगू नगा, बाई. लिवा. सांगितलं की पाठ हुतंय.”

मी आतून पाटी आणली. खाली बसले आणि लिहिलं. ‘माणसं फाटकापाशी उभी होती. कोणीतरी गोदीला पुढं केलं.’ पाटी तिच्या हातात दिली. तिनं कमरेच्या पिशवीतून पुठ्ठ्याची खिडकी काढली आणि सुरुवात केली.

ती एक एक अक्षर उचलत होती. मा. ण. सं. गाडीवानानं एक हाक दिली. लक्षुमी एकदा नवऱ्याकडं, एकदा लेकीकडं बघत उभी. ओळ संपली की म्हाळू पाटी पुसायची आणि माझ्यापुढं धरायची. मी पुढचं लिहायची. ती वाचत असताना मला पुढचं सुचवायचं होतं, त्यामुळं तिला लागणारा वेळ मलाही हवाच होता. गोदीनं कागद घडाघडा वाचावा असं मला आधी वाटलं होतं. फाटकात टाळ्या वाजाव्यात. पण समोर ही पोर ‘भ’ आणि ‘म’ मध्ये अडकून ओठ चावत होती आणि मला ते खोटं लिहवेना.

गाडीवानानं परत हाक दिली. या वेळी जरा चिडून. त्याचंही बरोबर होतं. वाट लांबची, बैल रिकाम्या पोटी. बिराप्पा पायऱ्या उतरून रस्त्यावर गेला. मला वाटलं, झालं, आता तो पोरीला हाक मारणार. मी हातातली पेन्सिल खाली ठेवली.

त्यानं गाडीतून गाठोडं खाली घेतलं. मग जातं घेतलं, एकट्यानं, दोन खेपांत दोन दगडी तळ्या. ते माझ्या पडवीत ठेवताना त्याला खोकल्याची मोठी उबळ आली. ती ओसरल्यावर तो भिंतीला टेकून खाली बसला. माझ्याकडं तो तोवर कधीच बसला नव्हता.

गाडी निघून गेली.

“वाच तू,” तो लेकीला म्हणाला. “आमी चालत जाऊ.”

मी पाटीवर लिहिलं. ‘गोदी वाचू लागली. मग अडली. कोणी हसलं नाही. कोणी घाई केली नाही. सगळी माणसं उभी राहिली.’ म्हाळूला ते वाचायला किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही. ऊन पडवीतून उतरून रस्त्यावर गेलं एवढं आठवतं. लक्षुमीनं मध्येच माझी चूल पेटवून सगळ्यांसाठी चहा केला, मला न विचारता. गोदीनं शेवटी तो कागद वाचला. त्यात लिहिलं होतं, ‘आज गिरणी बंद.’ ते सगळ्यांना आधीच माहीत होतं, फाटक समोर दिसतच होतं. तरी वाचून झाल्यावर एक म्हातारा म्हणाला, पोरी, अजून एकदा वाच. तिथं मी गोष्ट संपवली.

म्हाळूनं पाटी मांडीवर ठेवली.  मग बिराप्पानं तिला विचारलं, “मंजी आलं म्हन की त्या पोरीला?”

“आलं की,” ती म्हणाली. “अडली, पर आलं.”

मी त्यांना रात्री राहा म्हटलं. ते राहिले नाहीत. जातं माझ्याकडं ठेवलं, पुढच्या खेपेला नेऊ म्हणाले. बापानं गाठोडं डोक्यावर घेतलं आणि तिघं चालू लागली.

पुढची खेप आली नाही. संप मिटला, ते परतले नाहीत. पुढं गिरणीनं लहान मुलं घेणं बंद केलं, ते चांगलंच झालं. पण त्याबरोबर शाळाही बंद केली आणि पोरं नुसतीच रस्त्यावर आली, त्याबद्दल कुणी काही केलं नाही. मी नगरपालिकेच्या मुलींच्या शाळेत गेले. तिथल्या एका शिक्षकांच्या छापखानेवाल्या मेव्हण्यानं गोदीचं पुस्तक काढलं. फळ्यावरचं सगळं पुसलेलं होतं, मी आठवून आठवून लिहिलं. शेवट मात्र आठवावा लागला नाही.

पुस्तक निघाल्यावर काही दिवसांनी बाजारात तोच गाडीवान मला दिसला. त्यानं मला ओळखलं, त्या दिवशीच्या खोळंब्याचा राग त्याच्या मनात अजून थोडा होता. मी बिराप्पाची चौकशी केली. तो खोकल्यानं गेला, म्हणाला, गावी पोचल्यावर दुसऱ्या उन्हाळ्यात. लक्षुमी भावाकडं असती. आणि पोरगी? पोरीचं लगीन झालं, जतच्या बाजूला दिली. मेंढरामागं असती.

मी विचारलं, “ती वाचते का रे काही?”

तो बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. उपहास नव्हता त्याच्या बोलण्यात. मी विचारलं त्याचा विचार करूनच बोलला.

“तितं वाचाया हाय काय, बाई?”

मी त्याला तिथंच थांबवलं आणि घरी जाऊन हमालाच्या डोक्यावर जातं घेऊन आले. जातं त्यानं लक्षुमीकडं पोचवायचं कबूल केलं. त्याबरोबर पुस्तकाची एक प्रत दिली. हे म्हाळूच्या हातात पडायला हवं, दुसऱ्या कुणाच्या नाही, असं दोनदा बजावलं. त्यानं जातं गाडीत ठेवलं, पुस्तक उलटसुलट करून पाहिलं आणि पावसानं भिजू नये म्हणून पेंडीच्या पोत्यात खोल खोचलं. नवे बैल होते त्याचे, पांढरे. या वेळी त्याला कुणी अडवलं नाही.